मधुमेह, मेंदू आणि घरातील वडीलधारी माणसे

(देवस्थानाच्या वार्षिक उत्सवाच्या निमित्ताने सावरगाव येथे महाजन कुटुंबांपुढे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



या व्यासपीठावरून कीर्तनकारांनी बोलावे, विद्वानांनी बोलावे. माझ्यासारख्या निवृत्त वैद्यकीय व्यावसायिकाने काय सांगावे, असा प्रश्न मला पडला होता. परंतु सावरगाव हे माझे आजोळ. जाम नदीच्या या काठावर माझे बालपणीचे उन्हाळे गेले, आजोबांच्या संत्र्याच्या बागेत मी पाटाचे पाणी वळवले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ एका राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर मिळून स्वतंत्र जिल्हाही झाला. तथापि घरातील मराठी जशी सुटली नाही, तशीच दुखणे वाढले की नागपूरची वाट धरण्याची आपली सवयही सुटली नाही. त्या वाटेने आलेले अनेक रुग्ण मी चाळीस वर्षे पाहिले. आजोळच्या माणसांनी बोलावले, तेव्हा त्या अनुभवातले काही सांगावे असे ठरवून मी उभा आहे.

विषय मधुमेहाचा आहे. आपण म्हणाल, त्यात नवीन ते काय? ‘साखर’ कोणाच्या घरी नाही? परंतु साखरेने डोळे जातात, मूत्रपिंड जाते, पायाची जखम चिघळते, एवढे आपल्याला ठाऊक असते. ती मेंदूवर काय करते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ते ठाऊक नसल्यामुळे एका सज्जन माणसावर केवढा अन्याय झाला, ते मी आधी सांगतो, शास्त्र नंतर.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, आमच्या वडिलोपार्जित गावातील देवस्थानाचे खजिनदार होते. गावाचे नाव मी सांगत नाही. त्याची आवश्यकताही नाही. १९६५ पासून एकतीस वर्षे त्यांनी देवाचा जमाखर्च लिहिला. कीर्द आणि खतावणी यांत कधी एका पैशाचा फरक पडला नाही. बेरीज करताना त्यांचे बोट रकमांच्या रांगेवरून एकदाच खाली उतरे आणि उत्तर लिहिले जाई. त्यांना १९७७ मध्ये मधुमेह झाल्याचे कळले. गोळ्या ते नियमित घेत. रक्तदाब मात्र ‘थोडा वाढलेला’ असे आणि त्याकडे कोणी लक्ष देत नसे. त्या गणनेत मीही होतो.

१९९५ च्या सुमारास वहीत चुका दिसू लागल्या. नावेची रक्कम जमेला, जमेची नावे. पावतीपुस्तकाचे अनुक्रम सुटलेले. वर्षअखेरचा ताळेबंद दोन महिने झाले तरी जुळेना. विचारले तर मोठे बाबा बराच वेळ गप्प बसत आणि मग चिडत. याच सुमारास त्यांची चाल बदलली होती. पावले लहान पडत, उंबऱ्याशी आल्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. रात्री लघवीला चारचार वेळा उठावे लागे आणि कधी मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच धोतर ओले होई. हसणे-बोलणे कमी झाले. मोठी आई म्हणे, “यांचे मन कशातच लागत नाही.”

आता लक्ष देऊन ऐका. मोठ्या बाबांची स्मरणशक्ती शाबूत होती. कोणत्या कुटुंबाने कोणत्या वर्षी समई दिली, कोणी ओवरीचे छत घातले, हे ते घडाघडा सांगत. म्हणूनच महाजन सभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, “यांना चाळीस वर्षांपूर्वीचे आठवते आणि मागल्या महिन्याचा हिशेब आठवत नाही, हे कसे?” सभेत शब्द उच्चारला गेला नाही, पण अर्थ सर्वांना कळला. यात्रेच्या जमेतील चार हजार आठशे साठ रुपये कमी होते. मोठ्या बाबांनी त्याच बैठकीत किल्ल्या ठेवल्या आणि घरी आले. मी त्या सभेला हजर होतो. मी डॉक्टर होतो, आणि मी गप्प बसलो. कारण खरे सांगायचे तर त्या वाक्याचे उत्तर तेव्हा मलाही देता आले नाही.

आज ते उत्तर देता येते. तेच या भाषणाचे प्रयोजन होय.

प्रथम मधुमेहाविषयी. हा रोग आपल्या देशाला नवा नाही. चरक आणि सुश्रुत यांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि त्यांतील असाध्य शेवट म्हणजे मधुमेह असे नोंदले. सुश्रुताने निर्धन रुग्णाला पादत्राणाविना शंभर योजने चालावे, गाईंच्या मागे हिंडावे, विहीर खणावी, असे उपाय सांगितले आहेत. शरीर राबते ठेवावे, हा त्यातील गाभा आजही टिकून आहे.

आपल्या माणसांना हा रोग इतका का होतो, याचे एक महत्त्वाचे उत्तर पुण्यात शोधले गेले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की पुणे परिसरातील नवजात बालकांचे सरासरी वजन इंग्लंडमधील साऊथहॅम्प्टनच्या बालकांच्या साडेतीन किलोच्या तुलनेत २.७ किलोच असते. तथापि कमी असतात ते स्नायू, चरबी त्या मानाने टिकून असते. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दिले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून ‘आमचा माणूस सडपातळ आहे, त्याला कसली साखर’ हे आपल्याकडचे समाधान फसवे आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाब ३५.५ टक्के प्रौढांना आहे. राज्यांत सर्वांत वरचा क्रमांक लागला तो गोव्याचा, २६.४ टक्के, म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. देवस्थान आणि महाजन ही व्यवस्था जेथे घराघरांत रुजलेली आहे, त्या भूमीचा हा आकडा आहे, हे आपण ध्यानी घ्यावे. मध्य प्रदेश अजून त्या मानाने खाली असला, तरी जीवनमान बदलते तसा हा रोग खेड्यांकडे सरकतो.

आता मेंदूकडे वळू. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के; परंतु श्वासातून घेतलेल्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रोहिण्या तळाशी असतात. त्यांना काटकोनात फुटलेल्या, केसासारख्या बारीक फांद्या थेट मेंदूच्या गाभ्यात शिरतात. वरच्या थरातील वाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. या खोलवरच्या फांद्या बहुतांशी एकट्या असतात. एक बंद पडली, तर तिच्या टोकाच्या भागाला पाणी पाजायला दुसरी येत नाही.

आपल्याला हे संत्र्याच्या बागेवरून चटकन कळेल. ठिबकाची मुख्य नळी जाड असते, ती सहसा तुंबत नाही. तुंबतात त्या बारीक नळ्या आणि त्यांची तोंडे. पाण्यातला क्षार वर्षानुवर्षे बसत जातो. विहिरीत पाणी आहे, मोटर चालू आहे, दाबही दिसतो आहे. आणि रांगेच्या शेवटचे झाड मात्र पिवळे पडते. शेतकरी प्रथम खताला दोष देतो, मग झाडाला दोष देतो. नळी उचलून पाहतो तो शहाणा.

रक्तातली जादा साखर हेच करते. ती वाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करते, भिंती जाड आणि ताठर बनवते. वाढलेला रक्तदाब त्या ताठर भिंतींवर दिवसरात्र आघात करतो. मग कोठे वाहिनी अरुंद होते, कोठे पाझरते, कोठे बंद पडते. तीन ते पंधरा मिलिमीटरच्या लहान लहान पोकळ्या पडतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये द्युरां-फार्देल यांनी १८४३ साली अशा पोकळ्यांचे वर्णन केले. जर्मनीत ऑटो बिन्स्वांगर यांनी १८९४ साली मेंदूच्या आतील पांढऱ्या भागाच्या झिजेकडे लक्ष वेधले. आणि १९६० च्या दशकात अमेरिकेत डॉ. मिलर फिशर यांनी शवविच्छेदनांचा चिकाटीने अभ्यास करून बारीक वाहिन्यांचा आणि या पोकळ्यांचा संबंध उलगडला. त्या काळी हे सारे मृत्यूनंतरच दिसत असे. १९७१ पासून सीटी स्कॅन आणि पुढे एमआरआय आले, तेव्हा जिवंत माणसाच्या मेंदूतील ही झीज पाहता येऊ लागली. एमआरआयच्या चित्रात ती पांढऱ्या डागांच्या रूपाने दिसते.

मेंदूचा पांढरा भाग म्हणजे तारांचे जाळे. मेंदूची निरनिराळी केंद्रे या तारांनी एकमेकांशी बोलतात. गोदामातील माल जागेवर आहे, पण गोदामाकडे जाणारा रस्ता उखडला आहे, अशी स्थिती येथे उद्भवते. म्हणूनच जुन्या आठवणी बराच काळ शिल्लक राहतात. बिघडते ते निराळेच. विचारांची गती मंदावते. एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणे कठीण जाते. दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरणे, क्रम लावणे, योजना आखणे, हिशेब जुळवणे, ही कामे ढासळतात. सोबत चालीत फरक, लघवीवरील ताबा सुटणे, औदासीन्य.

मोठ्या बाबांच्या सभेतील त्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. चाळीस वर्षांपूर्वीची समई आठवणे आणि मागल्या महिन्याचा ताळेबंद जुळवणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. पहिले शाबूत असताना दुसरे जाऊ शकते. ते ढोंग नव्हे आणि लबाडी तर नव्हेच.

अल्झायमर या प्रसिद्ध विकारात सहसा प्रथम ताज्या गोष्टींचे विस्मरण होते. बारीक वाहिन्यांच्या विकारात प्रथम गती आणि नियोजन जाते. पुष्कळ वृद्धांमध्ये दोन्ही विकार एकत्र नांदतात, हेही खरे. भारतात साठीच्या पुढील माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ साली देशव्यापी अभ्यासातून मांडला गेला.

मधुमेहाचा यात वाटा किती? हॉलंडमधील रॉटरडॅम शहरातील हजारो वृद्धांच्या पाहणीतून १९९९ साली दिसले, की मधुमेह असणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: सत्तराव्या वर्षी पाहिले असता, मधुमेह जितका लवकर जडलेला तितका धोका अधिक; दर पाच वर्षे आधी जडण्यामागे सुमारे २४ टक्क्यांची वाढ. याचा अर्थ चाळिशीतील साखर ही सत्तरीतील बुद्धीचा प्रश्न आहे. येथे बसलेल्या तरुण मंडळींनी हे वाक्य घरी घेऊन जावे.

आणि हा शहरी लोकांचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास केला. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. त्या ग्रामीण भागात मृत्यूचे सर्वांत मोठे एकमेव कारण निघाले पक्षाघात; सुमारे सात मृत्यूंमागे एक. ज्या रक्तदाबाने मोठी वाहिनी फुटते वा बंद पडते, तोच रक्तदाब कित्येक वर्षे आधी बारीक वाहिन्या गुपचूप खात असतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या जाम नदीत गोटमार होते. पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी सावरगाव आणि पांढुर्णा एकमेकांवर दगड फेकतात, शेकडो माणसे जखमी होतात, आणि साऱ्या देशात बातमी जाते. तो दगड दिसतो, रक्त दिसते. साखर आणि रक्तदाब यांचे खडे वाळूच्या कणाएवढे. ते वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पडतात आणि कोणी ओरडत नाही. गोटमारीचा विषय निघालाच आहे, तर वैद्य म्हणून एवढे सांगितले पाहिजे: डोक्याला झालेली गंभीर इजा हेदेखील पुढील आयुष्यातील स्मृतिभ्रंशाचे एक मान्य कारण आहे. चंडीमातेवरील आपली श्रद्धा मला ठाऊक आहे, तिचा मी आदर करतो. परंतु मस्तक सांभाळणे ही देवीची अवज्ञा नव्हे.

आता मुख्य प्रश्न: हे टाळता येते काय? आशेने सांगतो, पुष्कळ अंशी येते. स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करणाऱ्या लॅन्सेट आयोगाने २०२४ साली चौदा टाळता येण्याजोगी कारणे सांगितली आणि ती सर्व दूर केली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू वा लांबू शकेल, असा अंदाज मांडला. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान, वाढलेले कोलेस्टेरॉल, व्यायामाचा अभाव, मद्य, श्रवणदोष, दृष्टिदोष, डोक्याला इजा, औदासीन्य, एकाकीपणा ही त्यांतील काही होत.

उपायांत पहिला मान मी रक्तदाबाला देतो. अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवला असता बुद्धीच्या सौम्य ऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी झाले आणि मेंदूतील पांढऱ्या डागांची वाढही मंदावली, असे २०१९ साली दिसले. त्या प्रयोगात मधुमेही घेतले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु २०२५ मध्ये चीनच्या ३२६ खेड्यांतील, चाळीस वर्षांवरील सुमारे ३४ हजार माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथे गावातील प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी लोकांचा रक्तदाब चिकाटीने ताब्यात ठेवला आणि चार वर्षांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी घटला. मोठे रुग्णालय लागले नाही. यंत्र, स्वस्त गोळ्या आणि पाठपुरावा एवढ्याने हे साधले. सामान्यतः मधुमेही माणसाचा रक्तदाब १३०/८० च्या खाली असावा. आपला आकडा मात्र आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

दुसरा उपाय साखरेचा. परंतु येथे अतिरेक नको. साखर अत्यंत कडकपणे खाली आणावी, म्हणजे बुद्धी वाचेल, या कल्पनेची अमेरिकेत परीक्षा झाली. २०११ साली निष्कर्ष आला, की चाळीस महिन्यांनंतर कडक नियंत्रणाच्या गटाची बुद्धी इतरांहून सरस ठरली नाही. याउलट साखर एकाएकी फार उतरणे वृद्धांच्या मेंदूला घातक असते. घाम, थरथर, घाबरेपणा, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसताच, माणूस शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखरेचे पाणी द्यावे. तात्पर्य, मधल्या वयात नियंत्रण चोख असावे. म्हातारपणी आणि दुर्बल अवस्थेत ते सौम्य व सुरक्षित असावे.

या संदर्भात माताभगिनींना एक विनंती आहे. नवरात्र, एकादशी, चतुर्थी यांचे उपवास आपण निष्ठेने करता. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना निरंकार उपवास केला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि साबुदाण्याची खिचडी, बटाटा, गोड शिंगाड्याचा शिरा असा उपवास केला, तर ती वर उसळते. उपवासाआधी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा ठरवावी. नामस्मरणाने आणि सेवेने केलेला उपवासही देवाला पोहोचतो, अशी माझी श्रद्धा आहे.

तिसरे, तंबाखू. विडी असो, सिगारेट असो की आपल्या विदर्भात घराघरांत शिरलेला खर्रा असो, तंबाखू रक्तवाहिन्यांची शत्रू आहे. चौथे, चालणे: दररोज अर्धा तास, दम किंचित वाढेल अशा गतीने. पाचवे, जीवनसत्त्व बी-१२. आपण बहुतेक शाकाहारी. शाकाहारात हे जीवनसत्त्व मुळात थोडे. त्यातच मेटफॉर्मिन ही मधुमेहाची उत्तम आणि स्वस्त गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने ते आणखी घटते. त्याच्या अभावाने मुंग्या येतात, तोल जातो, विसरभोळेपणा येतो. आणि वेळीच उपचार केल्यास यातील बरेचसे सुधारते. म्हातारपण म्हणून सोडून देण्याआधी ही एक रक्ततपासणी अवश्य करावी.

सहावे, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि लघवीतील प्रथिनाची तपासणी वर्षातून एकदा. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि मेंदू यांच्या बारीक वाहिन्या एकाच जातीच्या. मेंदू उघडून पाहता येत नाही. डोळ्यात डोकावता येते. तेथे बिघाड दिसला, तर मेंदूतही तो सुरू झाला असण्याची शक्यता मानून अधिक जपावे.

आता घरातील मंडळींनी काय पाहावे? वडीलधारी व्यक्ती पूर्वीपेक्षा सावकाश उत्तर देते. सुट्या पैशांचा हिशेब टाळते. रोजचे ओळखीचे काम अर्धवट सोडते. पावले लहान टाकते, वारंवार पडते. लघवीची घाई होते. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस घेत नाही. लहानशा कारणाने रडते किंवा चिडते. यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, आणि घरात साखर वा रक्तदाब असेल, तर ‘वय झाले’ म्हणून गप्प बसू नये. एक सोपी परीक्षा वैद्य घेतात: कागदावर घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा. आकडे एका बाजूला गोळा झाले, काटे चुकले, तर पुढील तपासणी करावी. ही परीक्षा घरी चारचौघांत घेऊन म्हाताऱ्या माणसाची फजिती मात्र कोणी करू नये.

झिजलेला भाग पूर्ववत करणारे औषध आज उपलब्ध नाही, हे मी लपवत नाही. परंतु पुढची झीज थांबवता वा मंदावता येते आणि उरलेल्या शक्तीने माणूस पुष्कळ वर्षे मानाने जगू शकतो.

सज्जनहो, आता मी मोठ्या बाबांच्या हकीकतीचा शेवट सांगतो. किल्ल्या ठेवल्यावर तीन महिन्यांनी ते अंगणात पडले. मी त्यांना नागपूरला आणले, स्कॅन केला. त्या काळ्या फिल्मवर मेंदूच्या गाभ्यात लहान लहान पोकळ्या दिसल्या आणि भोवतालचा पांढरा भाग विरलेला दिसला. कितीतरी वेळ मी ती फिल्म उजेडासमोर धरून उभा होतो. मला सभेतील तो प्रश्न आठवत होता. मी गावी पत्र लिहिले. ते वाचले गेले की नाही, मला कळले नाही. मोठे बाबा पुढे चौदा महिने जगले. त्या काळात ते एकदाही देवळात गेले नाहीत. मोठी आई अंगारा आणून त्यांच्या कपाळी लावी.

त्यांच्या निधनानंतर नव्या हिशेबतपासनिसाने जुन्या वह्या लावल्या. चार हजार आठशे साठ रुपये खर्चाच्या बाजूला दोनदा लिहिले गेले होते. एकाच पावतीची दोन वेळा नोंद. पैसा न् पैसा बँकेत होता. पुढच्या सभेत त्यांच्या सेवेबद्दल कृतज्ञतेचा ठराव झाला, आणि त्या रकमेविषयी कोणी एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. आज, इतक्या वर्षांनी, दुसऱ्या गावच्या देवापुढे मी तो काढतो आहे.

म्हणून या मंडळासमोर मी चार नम्र सूचना ठेवतो. एक: देवळाच्या ओवरीत रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि एक वही ठेवावी, आठवड्यातून एक दिवस गावच्या आशाताईंच्या किंवा परिचारिकेच्या साहाय्याने चाळिशीवरील प्रत्येकाचा दाब मोजून लिहावा आणि वाढलेला असेल त्याचा पाठपुरावा करावा. दोन: प्रसाद गोड असावा, पण चिमूटभर असावा, महाप्रसादात मधुमेही भाविकांसाठी उसळ, कोशिंबीर, भाकरी असावी. तीन: देवाचा हिशेब कोणा एकाच्या माथी वीस-तीस वर्षे ठेवू नये, दोघांनी मिळून लिहावा आणि दर तिमाहीस तपासावा, म्हणजे चूक लवकर सापडेल आणि संशयाला जागा उरणार नाही. चार, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते: दीर्घकाळ प्रामाणिकपणे वागलेल्या ज्येष्ठाच्या कामात एकाएकी चुका दिसू लागल्या, तर सभेत विषय काढण्याआधी कोणीतरी त्याच्या घरी जावे, जवळ बसावे आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

देवळाची शिखरे आपण दर काही वर्षांनी धुतो, रंगवतो. ज्या म्हाताऱ्या माणसांनी ही देवळे सांभाळली, त्यांच्या मस्तकाचीही तितकीच काळजी आपल्या हातून घडावी, एवढीच देवाच्या चरणी प्रार्थना करतो.